चाकाला लाडकी दिशा नसते

९ जानेवारी

धाकटे,

आपल्या घरात तक्रार तोंडी चालत नसे, आठवतं ना? आई म्हणायची, "आधी लिहून आणा, मग ऐकते." लिहिता लिहिता निम्मी भांडणं विरून जायची आणि ती खुशाल पेपर तपासत बसायची. मी अजून त्याच शिस्तीतली, म्हणून फोन न करता लिहितेय. पण हे भांडण विरणारं नाही, ते आधीच सांगून ठेवते.

पाय मोडला तेव्हा आई तुझ्याकडे आली, कारण तुझं घर बैठं आणि माझं चौथ्या मजल्यावर. ते मी मुकाट्यानं मान्य केलं. प्लास्टर निघालं की ती माझ्याकडे येणार आणि आम्ही दोघी पुस्तक लिहिणार, असं ठरलं होतं. जगातल्या काही गोष्टी कधीच का संपत नाहीत, हे मुलांना सांगणारं पुस्तक. तिनं जन्मभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, मी विद्यापीठात तेच शिकवते. मी विद्यार्थिनी होते तेव्हापासून हे पुस्तक आमच्या दोघींच्या बोलण्यात आहे. प्लास्टर कधीच निघालं. तिच्यासाठी मी मोठ्या खिडकीची खोली रिकामी केली, टेबलाचा हलणारा पाय सुताराकडून नीट करून घेतला. संपादकबाई दर सोमवारी विचारतात आणि मी दर सोमवारी नवी थाप मारते.

आणि परवा आमच्या विभागातली एक बाई तुझ्या मातीच्या भांड्यांच्या दुकानातून वाडगे घेऊन आली. डोळे मोठे करून मला म्हणते, "तुमच्या आई काय सुंदर शिकवतात हो! चाकाजवळ खुर्ची टाकून बसल्या होत्या, तुमच्या बहिणीला सममिती समजावून सांगत होत्या. आम्ही वाडगे विसरून ऐकत उभे राहिलो."

तुला! अगं, तू बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात उत्तराच्या जागी मांजर काढून आली होतीस.

आडपडदा कशाला, जळतेय मी. त्या बाईसमोर हसले, "हो का, छान" म्हणाले, आणि तासाला वर्गात जाऊन एका बिचाऱ्या पोराला फाडून खाल्लं. आई कधी निघतेय ते विचार आणि तारीख कळव.

ताई

•

१७ जानेवारी

ताई,

त्या पोराची माफी माग आधी.

आई बरी आहे. पाय अजून थोडा ओढते, लांबच्या प्रवासाला डॉक्टर नको म्हणतात. सकाळी पेपर वाचते, जेवते, आणि दुपारी मी चाकावर बसले की खुर्ची ओढत येते. ती येते, मी बोलावत नाही. माझ्या नावानं बोटं मोडायची तर हे लक्षात ठेवून मोड.

काय शिकवते ते सांगते, म्हणजे तुझा जीव थोडा शांत होईल, किंवा आणखी जळेल. मी मातीचा गोळा चाकावर आपटून मध्यावर आणते. नवख्याच्या हातून गोळा डुगडुगतो, मध्यावर आला की मग जागच्या जागी फिरतोय की थांबलाय तेही कळत नाही. तसा झाला की आई म्हणते, "डोळे मीट." मी मिटते. "उघड. आता सांग, मी गोळा फिरवला की नाही?" सांगता येत नाही. "हीच सममिती," ती म्हणते, "काहीतरी केलं आणि तरी काही बदललं नाही." मग हाताचा डाग लागलेला गोळा घेते आणि तेच करते. तेव्हा लगेच कळतं, कारण डाग सरकलेला असतो.

तिथून ती नियमांवर येते. चाकाला लाडकी दिशा नसते, म्हणते. उत्तर, दक्षिण, सगळ्या सारख्या, म्हणून त्याचं फिरणं आपणहून संपत नाही. मी विचारलं, "मग माझं चाक थांबतं ते?" तर म्हणे, "ते संपलं नाही, त्यानं बाकाला दिलं, बाकानं जमिनीला. अख्ख्या पृथ्वीनं घेतलं, तिला कळलंसुद्धा नाही." पुढे: नियम आज आहेत तेच उद्या, म्हणून संवेग टिकतो. नियम इथं आहेत तेच तिथं, म्हणून ऊर्जा टिकते. जिथं अशी सममिती, तिथं काहीतरी टिकणारच, हे शंभर वर्षांपूर्वी एका गणितज्ञ बाईंनी सिद्ध केलं. त्या बाईंकडून विद्यापीठानं कितीतरी वर्षं फुकट शिकवून घेतलं, हे सांगताना आईचा आवाज अजून चढतो.

रोज पहिल्यापासून सुरू करते. पाया पक्का हवा म्हणते.

आता माझं ऐक. लहानपणी तुम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचात, दिवा खाली ओढलेला, तू विचारायचीस आणि ती सांगायची. मी दारात उभी राहिले की आई मान वर न करता म्हणायची, "बाळ, जरा बाहेर खेळ, आम्ही कामात आहोत." तुझ्या जळण्याला आत्ता कुठे सुरुवात झालीय. माझं जुनं आहे, मुरलेलं आहे.

धाकटी

•

२८ जानेवारी

धाकटे,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा चूक सापडली आणि बरं वाटलं.

तू उलटं लिहिलंस. नियम आज आणि उद्या सारखे, म्हणून टिकते ती ऊर्जा. नियम इथं आणि तिथं सारखे, म्हणून टिकतो तो संवेग. हे असं का, तेही ऐक. समज, वस्तू उचलायला सकाळी कमी जोर लागतो आणि संध्याकाळी जास्त. मग सकाळी स्वस्तात उचलायची, संध्याकाळी खाली सोडायची, वरची ऊर्जा खिशात घालायची. फुकटची कमाई. तसं होत नाही, कारण नियम सकाळ-संध्याकाळ बघत नाहीत. काळ सारखा म्हणून ऊर्जा. आणि मोकळ्या जागेत गडगडणाऱ्या गोट्याला इथली जागा तिथल्यापेक्षा जास्त आवडत नाही, म्हणून तो आपणहून वेग वाढवत नाही की घटवत नाही. जागा सारखी म्हणून संवेग. हे आईनं मला दहाव्या वर्षी सांगितलं, त्याच टेबलाशी. आई हे झोपेतही चुकायची नाही. तू ऐकण्यात चुकलीस, कारण तुझं अर्धं लक्ष मातीत.

मला राग त्या चुकीचा नाही आला. माझ्या आईचं ज्ञान, ज्याच्यासाठी मी अख्खं तारुण्य त्या टेबलाशी घालवलं, ते ती आता एका गळक्या भांड्यात ओततेय, याचा आला. कठोर लिहिलं, पण खोडत नाही.

तुझ्या मुरलेल्या जळण्याचं मला काही कळत नाही. तुला काय कमी होतं? तू लाडकी. तुला मार्क विचारले जात नव्हते. माझ्या वाट्याला आईचं जे काही आलं ते मी अभ्यास करून कमावलं, आणि आता म्हातारपणी तेही तुझ्याकडे चाललंय. आईकडे माया काय ती ठरावीक, धाकटे. ती दुपारभर तुझ्या चाकाशी बसते, तेवढी ती माझ्याकडे नसते. तुझी बाजू वाढली की माझी घटणारच. हाही अक्षय्यतेचाच नियम समज.

होय, मत्सरी आहे मी. तारीख कळव.

ताई

•

११ फेब्रुवारी

ताई,

हो, मीच चुकले. उलटं ऐकलं असेन. गळकं भांडं, दुसरं काय. आमच्या धंद्यात ही शिवी फार लागते, तुला कल्पना नाही.

पण तुझा तो मायेचा नियम मला पटत नाही. तूच लिहिलंस ना, की टिकायला आधी सममिती लागते? काळ सारखा असला तर ऊर्जा. मग ज्या घरात आजचा दिवस कालच्यासारखा नसतो, तिथं बेरीज जुळायचं काही कारण नाही. तिथं एखादी गोष्ट कुठूनही न येता वाढू शकते. आणि असलेली, कुणालाही न देता, नुसती जाऊ शकते. तू प्राध्यापक, तुला हे माझ्याआधी सुचायला हवं होतं.

इतक्यात येऊ नकोस. भट्टीचं काम निघालंय, घरभर विटा पडल्या आहेत. आईला मार्चनंतर बघू.

धाकटी

•

४ मार्च

धाकटे,

भट्टी, विटा, पाय, डॉक्टर! तुझी कारणं ऐकून मला माझे विद्यार्थी आठवतात, फक्त ते तुझ्यापेक्षा बरं खोटं बोलतात.

रविवारी तू फोन आईच्या हातात दिलास आणि बाहेर गेलीस. मी पुस्तकाचं पहिलं प्रकरण एकटीनंच लिहून काढलंय. तिला वाचून दाखवलं. परीक्षेला बसल्यासारखं वाचलं, या वयात. संपल्यावर ती म्हणाली, "छान हं बाळ. किती नीट वाचतेस. हे एकदा ताईला दाखव, ती समजावून देईल."

बाळ! मला! आणि ताईला दाखव म्हणे!

मी हसले, तिला वाटलं असेल थट्टा कळली मला. फोन ठेवला. आता मला खरं सांग, हा विनोद कुणाचा? तुम्ही दोघी चाकाशी बसून माझी अशी टिंगल करता का? ताई किती गंभीर, ताईला किती वाटतं स्वतःबद्दल, चल, तिलाच बाळ म्हणू? माझ्यावर हसायला दोघींना एवढा वेळ आहे, आणि माझ्याकडे यायला आईला पाय नाही?

मी बारा तारखेला येतेय. गाडी ठरवली आहे, मागच्या सीटवर तिला पाय लांब करता येईल अशी. तिला घेऊन जाणार. तिची औषधं आणि चष्मे बांधून ठेव. वाद नको.

ताई

•

७ मार्च

ताई,

ये. पण हे वाचून ये. सांगायला तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. तक्रार लिहूनच करायची असते ना आपल्याकडे.

आई मला तू समजते.

दिवाणखान्यात नाही, जेवताना नाही, तेव्हा ती बहुतेक गप्प असते. पण मी चाकावर बसले, समोरचा दिवा लागला आणि ती खुर्चीत बसली, की मी ताई होते. "ताई, कालचं कुठवर आलं होतं ग आपलं?" असं विचारते. काल काहीच झालेलं नसतं, किंवा तेच झालेलं असतं. मग आम्ही पहिल्यापासून सुरू करतो. तिला वाटतं की ती तुझ्याबरोबर ते पुस्तक लिहितेय. ती तुझ्याकडे आलेली आहे, ताई. मनानं ती कधीच तिकडे पोचली. इथं बसून.

ऊर्जा आणि संवेग तिनंच उलटे सांगितले होते. मी बरोबर ऐकलं आणि बरोबर लिहिलं. तुझं पत्र आलं तेव्हा मी तो कागद घेऊन चाकाच्या शेडमागे गेले. "आई हे झोपेतही चुकायची नाही," असं तू लिहिलं होतंस. ते वाक्य मोडायचा धीर मला झाला नाही, म्हणून म्हटलं चूक माझी. तिची आठवण जातेय, हे डॉक्टरांनी नोव्हेंबरातच सांगितलं होतं. पाय आता ठीक आहे. अडचण पायाची नव्हतीच.

तुला का नाही सांगितलं? घाबरेल, धावत येईल, हे कारण आहेच. पण खरं कारण घाणेरडं आहे, ते लिहिते. आई माझ्याकडे त्या नजरेनं बघते, ताई. मी नीट प्रश्न विचारला की तिचा चेहरा उजळतो, ती पुढे झुकते, तिचं बोट हवेत उठतं. त्या नजरेसाठी मी दारात उभी राहायचे. ती आता रोज दुपारी मला मिळते, आणि तिच्यातलं कणभरही माझं नाही. सगळं तुझ्या नावावर. एकदा मी म्हटलं, "आई, मी धाकटी." ती म्हणाली, "तिला हाक मारू नकोस, खेळू दे तिला." त्या दिवशी हातातलं भांडं मी दाबून टाकलं. आणि तरी दुसऱ्या दिवशी दोन वाजता चाकावर जाऊन बसले. तू आलीस तर हेही जाईल, म्हणून तुला येऊ देत नव्हते.

तेव्हा तुला जळायचंच असेल तर स्वतःवर जळ. माझ्या चाकाशी ती तुझ्याबरोबरच बसलेली असते.

गाडी ठरवलीस ते बरं केलंस. ये.

धाकटी

•

३ एप्रिल

धाकटे,

घरी येऊन दोन आठवडे झाले, आज लिहायला बसलेय. निघताना तू विचारलंस, "आईला का नाही नेलंस?" मी गाडीचं दार लावून घेतलं आणि काही बोलले नाही. त्याचं उत्तर द्यायचंय.

येताना मला पक्कं वाटत होतं की मला बघितलं की आई भानावर येईल. एवढा माझा स्वतःवर विश्वास. तिनं मला ओळखलं नाही असं नाही. ओळखलं, तू म्हणून. पहिल्याच दुपारी मी शेडमध्ये तिच्याशेजारी खुर्ची ओढली, तर माझा दंड थोपटून म्हणाली, "बाळ, आम्ही कामात आहोत ग. जरा बाहेर बस." तू मान खाली घालून माती मळत होतीस. मी बाहेर वाळत ठेवलेल्या कपांजवळ जाऊन बसले. आतून तिचा आवाज येत होता: डोळे मीट, उघड, सांग. उत्तरं मला येत होती. मला कुणी विचारत नव्हतं. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि आतून तुझं हसणं ऐकू आलं तेव्हा एक कप उचलून भिंतीवर फेकावासा वाटला. रोज हे असंच. तुझं मुरलेलं म्हणजे काय, ते मला तिथं कळलं.

पण गुरुवारचं तुला माहीत नाही. तू माल पोचवायला गेली होतीस. आई पलंगावर बसली होती, मी दारात. तिनं हाक मारली, "बाळ, इकडे ये." गेले. माझ्यातली प्राध्यापक काही गप्प बसेना. मी विचारलं, "आई, ऊर्जा कशामुळे टिकते ग?" ती म्हणाली, "ते ताईला विचार. तू हात इकडे कर."

तिनं उशीजवळून नेलकटर काढलं आणि माझी नखं कापायला घेतली. सावकाश, एकेक बोट धरून, पुन्हा पुन्हा चष्मा सारखा करत. मध्येच बोट चेपायची, उलटून बघायची. "मातीत हात घालतेस, नखं वाढवू नयेत," एवढंच म्हणाली. काही विचारलं नाही. धाकटे, आईनं प्रश्न विचारल्याशिवाय माझा हात कधी धरल्याचं मला आठवत नाही. माझा हात धरायची तो पेन्सिल नीट पकडायला, चुकलेली खूण खोडायला. त्या पलंगावर मला काहीही यायची गरज नव्हती. मला काही येत नाही, असं तिनं धरूनच चाललं होतं, आणि तरी करंगळीपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

हे तुला मिळत होतं! आणि तू दारात उभं केल्याचं रडगाणं मला ऐकवतेस? तुझ्या ते ध्यानातही नसेल. विचारलं तर म्हणशील, नखं काय, सगळ्यांच्याच आया कापतात. माझी मी स्वतः कापायचे, सातव्या वर्षापासून. तू मोठी झालीस ना, म्हणायची. गाडीत बसले तेव्हा मी पुन्हा तुझ्यावर जळत होते, म्हणून बोलले नाही.

ती मायेची बेरीज-वजाबाकी मी मागे घेते. अदलाबदल करून काही बदललं नाही तर ती सममिती. मी तुझ्या जागी जाऊन बसले आणि सगळंच बदललं. म्हणजे आपण दोघी तिच्या लेखी सारख्या कधीच नव्हतो. तिनं दोघींना दोन वेगळ्या गोष्टी दिल्या, आणि दोघींनी आयुष्यभर दुसरीच्या ताटात बघितलं.

पुस्तक करायचं. ती सांगते ते तू रोज मला लिहून पाठव, उलटं सांगितलं तर उलटंच लिही, सुलटं मी करीन. संपादकबाईंना या सोमवारी खरं सांगितलं. आईला तिथून हलवायचं नाही. चाकासमोर तिला तिची ताई भेटते, ती तू तिला रोज भेटव. चौथ्या मजल्यावर मी तिला काय देणार?

माझ्यासाठी एकच कर. तिनं विचारलं, बाळ कुठं आहे, तर खेळायला गेलीय म्हण, येईल.

माझी नखं वाढत आहेत. वाढली की येते. तोवर ताई तूच.